ट्रेलर जोडला की मागचं एअर सस्पेन्शन बसतं: कम्प्रेसर बदलण्याआधी काय बघायचं

ह्यूस्टनहून एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्याकडे २०१२ची मोठी एसयूव्ही आहे. पुढे साध्या स्प्रिंगा, मागे स्वतःहून उंची सांभाळणारं एअर सस्पेन्शन. मागच्या वर्षी त्यांनी सुमारे ६,००० पौंडांचा कॅम्पिंग ट्रेलर घेतला. ट्रेलर जोडला की गाडी मागून बसते, हवा भरणारा कम्प्रेसर सुरू होतो आणि बऱ्याच वेळानं ती वर येते. रात्रभर जोडून ठेवली तर सकाळी परत बसलेली, उजवीकडे जरा जास्तच. ट्रेलर नसताना काहीही तक्रार नाही. गॅरेजवाल्यानं नवा कम्प्रेसर टाकायला सांगितलंय, तर टाकावा का? आणि शेवटी जाता जाता एक ओळ: गाडी लेव्हलला आल्यावरही साठ मैलांच्या वेगाला स्टिअरिंग हलकं लागतं, पण ते ट्रेलरमुळे असेल.

मी आधी पुण्यात बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होतो आणि गेली अठरा वर्षं टेक्ससमध्ये हेच काम करतोय. प्रश्न कम्प्रेसरचा असला तरी मला काळजी वाटली ती त्या शेवटच्या ओळीची, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

एअर सस्पेन्शन गाडीचं मागचं अंग उचलतं. एवढंच. वजन कुठल्या चाकांवर किती पडतंय, ते त्यानं बदलत नाही. ट्रेलरचं नाक, म्हणजे जोडायचं पुढचं टोक, तुमच्या गाडीमागच्या जोडाच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, बसतं आणि बॉल मागच्या चाकांच्याही मागे असतो, म्हणजे गाडीची चक्क तरफ होते. हिशोब करून बघा. पुढच्या आणि मागच्या चाकांत २९५ सेंटिमीटर अंतर, बॉल मागच्या चाकांच्या १२० सेंटिमीटर मागे, आणि नाकाचं वजन ३०० किलो. ३०० गुणिले १२० भागिले २९५, म्हणजे पुढच्या चाकांवरून सुमारे १२२ किलो उचलले गेले. मागच्या चाकांवर ३०० नाही, ४२२ किलो वाढले. आता कम्प्रेसरनं हवा भरून गाडी सपाट केली. बघणाऱ्याला गाडी झकास दिसते. पण पुढचे १२२ किलो परत आले का? नाही आले. तुमचं स्टिअरिंग हलकं लागतंय ते म्हणून. साध्या स्प्रिंगांची गाडी निदान बूड टेकून सांगते की ओझं जास्त झालंय. तुमची गाडी ते झाकून टाकते. म्हणून माझ्याकडे मागे एअर असलेली गाडी ट्रेलरच्या तक्रारीसाठी आली, की मी बोनेट उघडायच्या आधी वजनकाट्यावर पाठवतो.

अमेरिकेत हे सोपं आहे. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो, त्यावर प्रत्येक एक्सलचं वजन वेगळं छापून मिळतं. तीनदा वजन करा. एकदा ट्रेलर आणि वजन वाटणारे बार (मागचं ओझं पुढच्या चाकांकडे ढकलणाऱ्या दांड्या, त्यांच्याबद्दल शेवटी सांगतो) लावून, एकदा ट्रेलर जोडलेला पण बार सोडून, आणि एकदा ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून नुसत्या गाडीचं. माणसं आणि सामान तिन्ही वेळा तेच हवं. दुसऱ्या वजनातला गाडीच्या दोन्ही एक्सलचा बेरजेचा आकडा घ्या, त्यातून नुसत्या गाडीचं वजन वजा करा, की नाकाचं खरं वजन मिळालं. इथे ते ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के धरतात, म्हणजे तुमच्या ट्रेलरला ६०० ते ९०० पौंड. मग ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा, त्यावर मागच्या एक्सलची मर्यादा लिहिलेली असते. हिच, म्हणजे ट्रेलर ओढायचा मागचा जोड, किती पौंडांचा आहे हे सगळ्यांना पाठ असतं, एक्सलची मर्यादा मात्र क्वचितच कुणी वाचलेली असते.

आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक सांगतो, कारण हे मी फार वेळा पाहिलंय. तीन कुटुंबं मिळून कॅम्पिंगला निघतात. तिसऱ्या सीटवर मुलं, त्यांच्या मागे दोन बर्फाचे डबे, तांदळाची वीस पौंडी पिशवी, कुकर, मोठं पातेलं, खुर्च्या. हे सगळं मागच्या एक्सलवर किंवा त्याच्याही मागे पडतं. वर ट्रेलरची पाण्याची टाकी घरूनच भरून घेतलेली. चाळीस गॅलन पाणी म्हणजे ३३० पौंडांच्या वर, आणि टाकी ट्रेलरच्या चाकांपुढे असेल तर त्यातला काही भाग थेट नाकावर येतो. टाकी कॅम्पवर पोचल्यावर भरली आणि जड डबे ट्रेलरच्या चाकांवर ठेवले, तर अर्धी तक्रार तिथेच मिटते. पण सामान ढकलताना नाक फार हलकं करू नका. १० टक्क्यांच्या खाली गेलं तर ट्रेलर वेगात शेपटासारखा डोलायला लागतो, आणि ते बसण्यापेक्षा कितीतरी वाईट.

आता हवेकडे येऊ. बिना ट्रेलरची गाडी ठणठणीत आणि ट्रेलर लावला की आजारी, असं का होतं? बेलो, म्हणजे रबरी हवेची स्प्रिंग, वजन पेलते ती आतल्या दाबावर. समजा एका बेलोचं कामाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर आहे आणि त्यावर ५०० किलो आहेत. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो म्हणजे साधारण एक बार (हे दाबाचं माप, वजन वाटणारा बार नव्हे), तर आत पाच बार दाब हवा. ट्रेलरचे ४२२ किलो दोन बाजूंना वाटले तर प्रत्येकी दोनशेच्या वर, म्हणजे दाब सात बारच्या पुढे. माणसं आणि सामान त्यात वेगळं. (प्रत्यक्षात सस्पेन्शनच्या आर्मच्या लांबीचा हिशोब धरावा लागतो, पण कल्पना यायला एवढं पुरे.) पाच बारला जी चीर ओठ मिटून बसलेली असते, ती सातला फुसफुसायला लागते. झिजलेल्या रिंगचा कम्प्रेसर पाचपर्यंत कसाबसा नेतो आणि सातला धापा टाकतो. म्हणजे दुखणं नवं नाही, ट्रेलरनं ते उघडं पाडलं.

मग दोष कम्प्रेसरचा की गळतीचा? तुम्ही दिलेली लक्षणं नीट लावली तर बरंचसं उत्तर त्यातच आहे. रात्री इंजिन बंद असताना गाडी बसते. त्या वेळी कम्प्रेसर कामावरच नसतो, व्हॉल्व्ह बंद असतात. तरी हवा जातेय म्हणजे कुठून तरी गळतेय. आणि उजवीकडे जास्त बसतेय. ज्या गाड्यांत दोन्ही बाजूंना वेगवेगळे व्हॉल्व्ह असतात, तिथे एकच बाजू बसली तर दोष त्या बाजूचा बेलो, त्याचा पाइप किंवा फिटिंग यांपैकी एकात. दोन्ही बाजू सारख्या बसल्या असत्या तर मी सामाईक व्हॉल्व्ह किंवा हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह आधी बघितला असता. काही गाड्यांत मात्र मागचे दोन्ही एअर शॉक एकाच पाइपवर असतात. तिथे कुठल्याही बाजूची गळती दोघांना बसवते आणि हा तर्क चालत नाही. तुमची गाडी कोणत्या प्रकारची, ते मॅन्युअलमधल्या पाइपांच्या आकृतीवरून कळेल. टेक्ससमधली थंड रात्र असेल तर हवा आकसून दोन्ही बाजू थोड्या सारख्याच उतरतात, ती गळती नव्हे.

गॅरेजवाल्यानं कम्प्रेसर सांगितला ते का, हेही मला कळतं. तो खरोखरच दमलेला असणार. पण तो दमला कशानं, हे बघायला हवं. या कम्प्रेसरबरोबर हवा सुकवणारा डबा असतो, आत सिलिका जेलचे मणी. हवा आत जाताना मणी तिच्यातली ओल धरून ठेवतात. गाडी खाली येताना तीच कोरडी हवा उलट दिशेनं मण्यांतून बाहेर पडते आणि ओल घेऊन जाते. हे चक्र चाललं तर मणी वर्षानुवर्षं टिकतात. गळती असली की हवा चिरेतूनच जाते, डब्यातून परत येतच नाही. कम्प्रेसर सतत भरतोय, मणी ओले होतायत, वाळत कधीच नाहीत. मग पाणी व्हॉल्व्हमध्ये, व्हॉल्व्हला गंज, कम्प्रेसर तापून बंद. अशा वेळी नुसता कम्प्रेसर बदलणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाइकाला असा कम्प्रेसर टाकून दिला होता. चार महिन्यांत तो जळून परत आला. बेलोची चीर तेव्हा मी शोधलीच नव्हती. दुसरा कम्प्रेसर मी माझ्या पैशानं बसवला, आणि तेव्हापासून गळती सापडल्याशिवाय कम्प्रेसरला हात लावत नाही.

गळती शोधायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे, साबणाचं पाणी. चूक होते ती परिस्थितीत. गॅरेजमध्ये गाडी रिकामी येते, लिफ्टवर चढते, चाकं लोंबकळतात, बेलो ताणून लांब होतो आणि त्याची घडी उलगडते. आता साबण मारा नाहीतर अख्खी बादली ओता, एक बुडबुडा येणार नाही. चीर असते ती खालच्या घडीत, जिथे रबर पिस्टनवर गुंडाळलं जातं, आणि ती उघडते ओझ्याखाली, गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर उभी असताना. म्हणून मी चाळीस पौंडी वाळूच्या दहा पिशव्या गॅरेजच्या कोपऱ्यात कायम ठेवल्या आहेत. त्या मागे रचल्या की चारशे पौंड झाले. गाडी चाकांवरच रॅम्पवर चढवायची, लेव्हलला येऊ द्यायची, सिस्टिम बंद करायची आणि मग भांड्याच्या साबणाचं पाणी स्प्रेनं मारून टॉर्च धरून बसायचं. पहिलं मिनिटभर काही दिसत नाही. मग घडीच्या काठाला मोठे बुडबुडे नाही, तर ताकावरच्या फेसासारखी बारीक पांढरी रेघ हळूहळू जाड होत जाते. ती रेघ दिसली की निदान झालं. ट्रेलर असेल तर वाळूचीही गरज नाही, तोच जोडून ठेवा.

इथे एक गोष्ट जीवावरची आहे. नुसत्या हवेवर उभ्या असलेल्या गाडीच्या चाकाच्या कमानीत डोकं घालू नका, चाक आणि कमान यांच्या मध्ये हात घालू नका. बेलो गेला किंवा व्हॉल्व्ह उघडला तर गाडी एका श्वासात खाली येते. चॅसिसखाली स्टँड लावलेले असावेत, बॉडी उतरली तर त्यांवर टेकेल इतके जवळ. जॅक लावण्याआधी गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे सस्पेन्शन बंद करा. कित्येक गाड्या नुसतं दार उघडलं तरी जाग्या होऊन उंची दुरुस्त करायला लागतात. पुण्यात बसखाली शिरताना आमचे मेस्त्री चॅसिसला ओंडका दिल्याशिवाय कुणाला आत जाऊ देत नसत. शिवनेरीनं प्रवास केलेल्यांना बस थांबल्यावरचा तो "फस्स" आवाज आठवत असेल. तेवढीच हवा डोक्यावर बस टेकवायला पुरते.

बेलोवर फेस आला नाही तर पुढची जागा फिटिंग. पाइप आत सरकवून बसवायच्या फिटिंगमध्ये पाइपाचं टोक तिरकं कापलेलं असेल किंवा त्यावर ओरखडा असेल तर दाबाखाली झिरपतं. टोक सरळ कापून परत बसवलं की काम झालं, खर्च जवळपास शून्य. मग कम्प्रेसरवरचं व्हॉल्व्हचं ठाणं आणि हवा बाहेर पडायचं तोंड, त्यावरही साबण. तुम्ही मागे हिच नंतर बसवून घेतला असेल तर त्याच्या बोल्टाखाली पाइप किंवा वायर चेपलेली नाही ना, हेही बघा. मला दोनदा सापडलंय.

उंची मोजणारा सेन्सर विसरू नका. एक्सल किंवा आर्मपासून त्याच्याकडे छोटी दांडी जाते, दोन्ही टोकांना छोट्या गोळीचे सांधे. गोळी गंजून घट्ट झाली किंवा दांडी निसटली की गाडीला आपण कुठे आहोत हेच कळत नाही. मग ती वर जाते आणि खाली येतच नाही, नाहीतर चालता चालता वरखाली करत राहते. तुमची लक्षणं तशी नाहीत, पण दांडी हातानं हलवून बघायला अर्धं मिनिटही लागत नाही.

गळती मिटल्यावर कम्प्रेसरची पाळी. त्याच्या तोंडाशी गेज लावून तो किती दाबापर्यंत जातो ते बघायचं, आणि तो चालू असताना त्याच्या कनेक्टरवर किती व्होल्ट येतायत ते मोजायचं. ही मोटर भरपूर करंट खाते. बॅटरीवर साडेतेरा-चौदा व्होल्ट आणि कम्प्रेसरवर अकरा असतील, तर मधली वायर किंवा रिले (मोटरचा करंट चालू-बंद करणारा स्विच) हवेपेक्षा जास्त गळतेय. कम्प्रेसर बदलायचाच झाला तर रिले त्याच्याबरोबर बदला. वारंवार चालून रिलेचे पॉइंट चिकटतात आणि मग नवा कम्प्रेसरही थांबतच नाही, जळेपर्यंत चालतो. सुकवणीचा डबा वेगळा मिळत असेल तर तोही नवा घ्या.

बेलो एक बदलायचा की दोन? गाडी इतकी जुनी आणि दोन्ही पहिल्यापासूनचे असतील, तर मी दोन्ही बदलतो. दुसऱ्यानंही तेवढंच टेक्ससचं ऊन खाल्लंय. बसवल्यावर उंचीचं कॅलिब्रेशन करून घ्या, ते टाळलं तर नव्या बेलोवरही गाडी वाकडी उभी राहते. एअर काढून साध्या स्प्रिंगांचा सेट टाकायचा सल्लाही कुणी देईल. स्वस्त पडतो खरा. ट्रेलर ओढत नसणाऱ्याला मी त्याला हरकत घेत नाही. पण तुमच्यासारख्याला रिकाम्या आणि भरलेल्या गाडीत एवढा फरक पडतो, तिथे एकच स्प्रिंग दोन्हीला न्याय देत नाही.

राहिले वजन वाटणारे बार, कारण तुमच्या स्टिअरिंगचं औषध तिथे आहे. हे बार मागचं वजन उचलून पुढच्या चाकांकडे ढकलतात. जे काम हवेला जमत नाही, ते हेच. पण तुमच्या गाडीला ते चालतात का, हे आधी तिच्या पुस्तकात बघा. काही गाड्यांना कंपनीच मनाई करते. चालत असतील तर क्रम महत्त्वाचा. सपाट जागी माणसं-सामानासकट गाडी उभी करा, इंजिन चालू ठेवून तिला लेव्हलला येऊ द्या. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतची उंची पुढे आणि मागे टेपनं मोजून लिहून ठेवा. मग सस्पेन्शन बंद करा, ट्रेलर जोडा, पुढची उंची किती वाढली ते बघा, आणि पुस्तकात सांगितल्याइतकी ती परत खाली येईस्तोवर बार ताणा. मगच सस्पेन्शन चालू करा. उलट केलंत, म्हणजे बूड बसलेलं असताना बार कमी ताणले आणि नंतर हवेनं गाडी उचलली, तर जोडाची जागा वर जाते आणि बार ढिले पडतात. सगळं ओझं पुन्हा हवेवर आणि पुढची चाकं पुन्हा हलकी. तुम्ही बार लावत असाल तर तुमच्याकडे नेमकं हेच चाललंय असा माझा अंदाज आहे. काही गाड्यांच्या पुस्तकात थोडा वेगळा क्रम दिलेला असतो, तिथे पुस्तकाचं ऐका, माझं नाही.

ट्रेलर सोडताना ओझं गेल्याबरोबर गाडी उसळून वर येते आणि काही सेकंद थांबून मग हवा सोडते. तेवढ्यात बॉलजवळ कुणाचा हात नको, गाडीची दारं बंद हवीत आणि मुलं लांब.

सगळं पाहता माझं निदान असं: उजव्या बेलोच्या घडीत चीर, त्यापायी दमत आलेला कम्प्रेसर, आणि या दोन्हींशी संबंध नसलेली पुढच्या चाकांच्या हलकेपणाची वेगळी तक्रार. गाडी न बघता याहून ठाम बोलणं बरोबर नाही. गॅरेजवाल्याला एवढंच सांगा की ट्रेलर जोडलेला असताना माझ्यासमोर साबण मार. तो तयार नसेल तर दुसरा बघा.

तोवर काट्यापर्यंतची फेरी सोडली तर ट्रेलर घेऊन हायवेला जाऊ नका. जावंच लागलं आणि वाटेत गाडी बसली, तर थांबा, जड सामान पुढच्या सीटकडे किंवा ट्रेलरच्या चाकांवर हलवा, कम्प्रेसरला अर्धा तास थंड होऊ द्या आणि मग इंजिन चालू करून बघा. तरीही ती बंपस्टॉपवरच, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावरच, टेकलेली असेल तर पुढे ओढू नका, ट्रेलर तिथेच सोडा.

काट्यावरून आलात की तिन्ही पावत्यांवरचे आकडे, दारावरच्या स्टिकरचा फोटो आणि रात्री नऊला व सकाळी सातला मोजलेली दोन्ही बाजूंची उंची पाठवा. बार साखळीच्या किती कड्यांवर लावायचे ते त्यावरून सांगतो.